दोघांतला शब्द

२ मार्च

ताई,

आणि हे बघ, शाळेचं काढू नकोस. मी काही बोललो की तू शाळेवर येतेस. चौथीनंतर मी शाळा का सोडली, कोणासाठी सोडली, हे आपण इतक्या वेळा उगाळलंय की आता त्याला वासही उरला नाही. मला आत्ता दुसरंच विचारायचंय. सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. आपला शब्द तू कोणाला सांगितलास?

फोनवर विचारणार होतो. पण फोन गेटवर जमा असतात, आणि रविवारी हातात आला की तू लगेच रडतेस आणि मी गप्प बसतो. कागदावर तू रडलीस तरी मला दिसणार नाही. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

पहिल्यापासून सांगतो. मी कॅमेऱ्यांच्या खोलीत बसतो हे तुला माहीत आहे. समोर भिंतभर पडदे आणि त्यात आख्खं गोदाम. गेट, रॅकांच्या गल्ल्या, ट्रक लागतात ती शटरं. हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं त्याला आम्ही पोरं सासू म्हणतो, कारण ती बसल्या जागेवरून सगळं बघते आणि कोणी कधी कुठलं दार उघडलं ते मनात धरून ठेवते. सासूकडं प्रत्येकानं आपापल्या नावानं जायचं आणि आपापला पासवर्ड घालायचा. मी कामाला लागलो तेव्हा माझा पासवर्ड तूच फोनवर एकेक अक्षर सांगून करून दिलास. भोपळ्या, आणि पुढं घराचा नंबर. म्हणालीस, जगात हे आपल्या दोघांशिवाय कोणाला सुचणार नाही. मला ती इंग्रजी अक्षरं वाचून दाबता येत नाहीत, पण बोटांना जागा पाठ आहेत. डोळे मिटून बसलो तरी चुकत नाही.

गेल्या महिन्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मी कँटीनच्या रांगेत उभा असताना, तीन नंबरचं शटर उघडलं. ट्रक लागला, तांब्याच्या तारेची भेंडोळी भरली आणि निघून गेला. तेवढा वेळ तिथला कॅमेरा बंद होता. आणि सासू म्हणते, शटर उघडणारा मी, कॅमेरा बंद करणाराही मीच. माझं नाव, माझा पासवर्ड. खाली ऑफिसातल्या संगणकावरून. कँटीनमध्ये कॅमेरा नाही. रांगेत माझ्या पुढंमागं माणसं होती, पण ताटातून मान वर करून कोण बघतं? ज्याला विचारावं तो म्हणतो, असशील बाबा.

साहेबांचं एकच म्हणणं. तू उघडलं नाहीस तर पासवर्ड कोणाला दिलास ते सांग. मी म्हटलं, कोणालाच नाही. तेव्हापासून मला खोलीतून काढून आवारात उन्हात उभं केलंय, ट्रक मागं घ्यायला शिट्टी वाजवत.

शिफ्टचे काका तेवढे माझ्या बाजूनं बोलले. काकांचं तुला सांगितलंय. आमचे शिफ्टप्रमुख. आपली भाषा बोलणारं इथं तेवढं एकच माणूस. पहिल्या थंडीत स्वतःचं जाड जाकीट काढून दिलं होतं त्यांनी मला. घरचा नंबर म्हणून तुझा नंबर त्यांच्याकडं आहे आणि ते अधूनमधून तुला फोन करतात, तेही मला माहीत आहे.

तर परवा कँटीनमध्ये मागून हाक आली. "काय भोपळ्या, भूक मेली का?" वळून बघतो तर काका. शाळेत गणितात भोपळा मिळाला म्हणून तू लाडानं म्हणायला लागलीस ते नाव. आई म्हणत नाही, गल्लीतलं कोणी म्हणत नाही. मी विचारलं, हे नाव तुम्हाला कसं कळलं? काका जरा थांबले, मग हसले. "तुझी ताईच बोलता बोलता म्हणाली असेल की."

त्यांना म्हणालीस तर अजून कोणाकोणाला म्हणालीस? शब्द कळला आणि घराचा नंबर कळला, की झालं. मला उत्तर पाहिजे. आईला हे वाचून दाखवू नकोस.

—

११ मार्च

भोपळ्या,

हो, असंच लिहिणार. मला विचारल्याशिवाय माझ्यावर आरोप ठेवणाऱ्याला मी दादासाहेब म्हणावं की काय?

मी कोणालाही सांगितलेलं नाही. नीट वाच आणि दोनदा वाच, तुझ्या अक्षरापेक्षा माझं बरं आहे. दवाखान्यात दिवसभर मी लोकांचे आजार लिहून घेते. कोणाला काय झालंय, कोण कोणाला न सांगता आलंय, सगळं माझ्या कानावर पडतं, आणि आजवर ह्या कानाचं त्या कानाला कळलेलं नाही. आणि तुझा शब्द मी चारचौघांत वाटत फिरेन?

शाळेचं तूच काढलंस. मी काढलं नव्हतं. पण काढलंसच म्हणून सांगते. घरात एकाचीच फी भरता येत होती तेव्हा बाबांनी मला निवडलं. मी निवडलं नव्हतं. मी शिकले ते तुझ्या वाट्याचं, हे तू एकदा म्हणतोस आणि मी रोज उठून म्हणते. फरक एवढाच की मी पत्रात लिहीत नाही.

काकांचा फोन आला होता. एकदा नव्हे, दोनदा. तुझ्याबद्दल फार पोटतिडकीनं बोलतात. म्हणाले, पोरगा सरळ आहे, अडकलाय. मला वाटतं त्यांचं ऐकावं. मी बघते काय करता येईल ते. तू तिथं कोणाशी वाद घालू नकोस, विशेषतः साहेबांशी. तुझं डोकं तापलं की तुझं तोंड तुझ्या ताब्यात राहत नाही.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. मधल्या ओळी गाळल्या. कॅमेऱ्यांचं सांगितलं, उन्हाचं गाळलं. आई म्हणाली, केवढं थोडकं आणि शहाण्यासारखं लिहायला लागलाय.

डोक्याला टोपी घाल.

ताई

—

२५ मार्च

ताई,

आज तुझा आवाज ऐकला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काका तिथंच खुर्चीत बसले होते. साहेबांनी टेबलावरचा फोन माझ्याकडं फिरवला आणि एक बटण दाबलं. ऑफिसच्या फोनवरचं सगळं बोलणं आपोआप साठून राहतं. आधी काकांचा आवाज आला, "ताई, साहेब ऐकतायत, जे खरं ते सांगा." मग तू. "हो. माझ्या तोंडून गेलं. दवाखान्यात एकाला गमतीत सांगितलं होतं. त्याची काही चूक नाही."

परत एकदा लावलं त्यांनी. मी म्हटलं नव्हतं, तरी लावलं.

मला वाटत होतं आवाज तुझ्यासारख्या कोणाचा तरी असेल. पण "काही चूक नाही" म्हणताना तू "काही" वर जशी अडतेस ना, तशीच अडलीस. ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही.

चौदा दिवसांमागं तू मला लिहितेस, मी कोणालाही सांगितलेलं नाही, नीट वाच, दोनदा वाच. मी वाचलं गं. दोनदा नाही, रोज वाचलं. त्या कागदाच्या घड्या फाटल्या. आवारात शिट्टी वाजवताना लोक मला चोर म्हणायचे तेव्हा मनात म्हणायचो, म्हणू देत, माझ्या बहिणीनं लिहून दिलंय. आणि तू इकडं मला एक सांगतेस आणि तिकडं साहेबांना दुसरं. मला खोटं सांगितलंस ह्याचं जास्त लागलं. शब्द गेला तर गेला. माणसाच्या तोंडून जातं. पण मग मला का नाही म्हणालीस, की बाबा गेलं तोंडून?

साहेबांनी निकाल दिला. मी चोर नाही, पण निष्काळजी. काम राहील. चोरीला गेलेल्या मालाच्या किमतीतला काही भाग माझ्या पगारातून दर महिन्याला कापतील. केबिनमधून बाहेर पडताना साहेब म्हणाले, "अरे, आणि भोपळ्या म्हणजे काय?" काकांनी त्यांना अर्थ सांगितला. दोघं हसले. आता खोलीतली पोरंही त्याच नावानं हाक मारतात. आपल्या दोघांतलं होतं ते. आता ट्रकचा ड्रायव्हरही काच खाली करून भोपळ्या म्हणतो.

काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बहिणीवर राग धरू नकोस. बायकांच्या पोटात राहत नाही." तुझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडं काही उरलंच नव्हतं.

मला पत्र लिहू नकोस. लिहायचंच असेल तर आईच्या तब्येतीचं लिही, आणि वर ते नाव घालू नकोस. दर महिन्याला नऊ हजार पाठवत होतो, ह्या महिन्यात साडेपाच येतील. आईनं विचारलं तर खरं सांग. नाहीतर गाळ, तुला येतं ते.

—

९ एप्रिल

तुला,

आईचा गुडघा बरा आहे. जिन्यावरून एकटी उतरते आणि उतरल्यावर कोणी बघितलं का म्हणून मागं वळून बघते.

पैसे मिळाले.

तू विचारलंस त्याचं उत्तर मी देणार नाही. तुला जे वाटायचं ते वाटू दे. तुझं काम टिकलं, तुझ्यावर चोरीचा शिक्का बसला नाही, मला एवढं पुरे आहे. निष्काळजी हा शब्द धुतला की जातो.

घराच्या मागच्या दाराची कडी सैल झाली होती, मी स्वतःच ठोकली. तू असतास तर हसला असतास. तीन खिळे वाकडे गेले.

आई विचारते, त्यानं माझ्याशी बोलणं का कमी केलं. मी सांगते, काम वाढलंय.

ताई

—

३० एप्रिल

ताई,

बसून वाच.

सोमवारी सासूच्या माहेरची माणसं आली. म्हणजे ज्या कंपनीनं ते सॉफ्टवेअर बनवलंय तिथली दोघं. एक मुलगी, माझ्याच वयाची असेल, पाठीवर तिच्या उंचीची बॅग. आम्ही तिला बॅगवालीच म्हणतो. आणि एक तिच्या मागं मागं वायरी उचलणारा. बॅगवालीनं सगळ्या शिफ्टच्या लोकांना एकत्र बोलावलं आणि सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये एक खोट होती. कोणी पासवर्ड घातला की तो झाकून ठेवायच्या ऐवजी आतल्या एका पानावर जसाच्या तसा उमटायचा. नावापुढं पासवर्ड, नावापुढं पासवर्ड, पाटी लावल्यासारखे. ते पान सगळ्यांना दिसत नव्हतं. साहेबांना दिसत होतं आणि शिफ्टप्रमुखांना.

म्हणजे जिला आम्ही सगळ्यांच्या चोऱ्या पकडायला बसवलं, तीच सगळ्यांची गुपितं दारावर टांगून बसली होती. पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "खोट जुनी आहे. आम्हाला जानेवारीत कळलं. त्याच आठवड्यात आम्ही सगळ्यांना कळवलं की ते पान ताबडतोब बंद करा, सगळ्यांचे पासवर्ड बदलून घ्या. तुमच्या साहेबांनाही कळवलं होतं. बाकी सगळीकडं झालंय, तुमच्याकडचं काहीच झालं नाही म्हणून आम्हाला यावं लागलं."

जानेवारी, ताई. शटर उघडलं फेब्रुवारीत.

मी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी काकांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "मी ते त्याच दिवशी तुमच्याकडं दिलं होतं. पान बंद करायला, पासवर्ड बदलायला." काका म्हणाले, "राहून गेलं. कामाच्या गडबडीत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पान उघडं आहे हे ज्याला कळवलं, बंद कर म्हणून ज्याच्यावर सोपवलं, त्यालाच कळलं की कुठं बघायचं. नाहीतर काकांना कुठं ठाऊक होतं की सासूच्या पोटात असलं पान आहे? ते पासवर्ड घालून आत जातात, हजेरी लावतात आणि चहा पितात. आणि ते नाव. त्यांनी मला भोपळ्या म्हणून हाक मारली ती तुझ्याकडून ऐकून नाही. वाचून. माझ्या नावापुढं लिहिलेलं वाचून. सवयीनं तोंडातून निसटलं त्यांच्या, आणि मी वळून बघितल्यावर ते जरा थांबले होते. ते थांबणं मी तुला पहिल्या पत्रात लिहिलंय. लिहिलं, पण मला कळलं नाही.

मी बॅगवालीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं मान डोलावली नाही, की अरेरे म्हणाली नाही. मला शेजारी बसवून बघितलं. सासू प्रत्येक पान कोणी उघडलं तेही धरून ठेवते. ते पान जानेवारीपर्यंत कोणीच उघडलेलं नव्हतं. मग एकाच नावानं तीनदा उघडलं गेलं. काकांच्या. तिसरी वेळ शटर उघडलं त्याच दिवशी सकाळची.

साहेबांना तिनं ते दाखवलं. साहेब मला म्हणाले, "पान बघणं हे त्यांचं कामच होतं. बघितलं म्हणजे वापरलं असं नाही. आणि तुझ्या बहिणीनं तर कबूल केलंय. तिचा आवाज आहे माझ्याकडं."

संध्याकाळी काका माझ्या खोलीवर आले. कधी येत नाहीत. माझ्या खाटेवर बसले, गादी चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "ताईंना आता परत त्रास देऊ नकोस. एकदा बोललेलं बदललं की दोन्ही खोटं वाटतं." मी उभाच होतो. ते उठून गेल्यावर मी गादी उलटी केली. का केली माहीत नाही.

आता तू सांग. तुझ्या तोंडून गेलंच नव्हतं तर तू हो का म्हणालीस? ह्या वेळी गाळू नकोस. आणि बॅगवाली म्हणाली, तोच पासवर्ड अजून कुठं ठेवला असेल तर तिथंही बदला. तुझ्या दवाखान्याच्या संगणकावरही तू आपलाच शब्द ठेवला होतास ना? आधी उठ, तो बदल, आणि मग मला लिहायला बस.

—

६ मे

तुला,

बदलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज एवढी काय घाई. मी म्हटलं, भावाचा हुकूम.

काका तेव्हा तीनदा बोलले माझ्याशी. दोनदाचं मी तुला सांगितलं होतं, तिसऱ्यांदाचं लपवलं. पहिल्यांदा म्हणाले, आठवून बघा, कोणाला म्हणाला असाल. मी नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाले, ताई, माणसाच्या तोंडून नकळत जातं, तुम्ही दिवसभर माणसांत असता. मग मी आठवायला लागले. तुझं पत्रही तेच म्हणत होतं. एक वेळ अशी आली की मला खरंच वाटायला लागलं, असेल, गेलं असेल. औषधाच्या खिडकीवर बसणारा पोरगा तुझ्याबद्दल विचारतो, त्याला म्हणाले असेन, माझा भोपळ्या परगावी असतो. घराचा नंबर त्याला माहीतच आहे. रात्री डोळे मिटले की मी त्याला ते सांगतानाच स्वतःला दिसायचे. जे घडलं नाही ते इतक्या वेळा बघितलं की घडल्यासारखं झालं.

तिसऱ्यांदा म्हणाले, उद्या साहेब पोलिसांना बोलावणार आहेत. तुम्ही एकदा म्हणा की तुमच्याकडून गेलं. बाईच्या तोंडून गेलेल्या शब्दाला कोणी तुरुंगात टाकत नाही. त्याचा थोडा पगार कापतील, काम राहील. आणि त्याला सांगू नका, मानी पोरगा आहे, साहेबांसमोर जाऊन सगळं उलटं करेल. मला ते पटलं. तू तसाच आहेस. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांसमोर फोन लावला आणि मी हो म्हटलं.

म्हणून एप्रिलमध्येही तुला काही लिहिलं नाही. वाटलं, तू माझ्यावर चिडलेला बरा. आत गेलेला नको.

तुझा शब्द मी काकांना दिला नव्हता, भाऊ. पण जे हवं होतं ते मीच त्याच्या हातात दिलं. त्यानं तुझा शब्द चोरला, आणि तो कोणी चोरला नाही असं माझ्या तोंडून वदवून घेतलं.

काल मी साहेबांना फोन केला. तुझ्या काकांच्या मार्फत नाही, ऑफिसच्या मुख्य नंबरावर थेट, मोडक्या हिंदीत. म्हटलं, हाही आवाज साठवून ठेवा. काका काय काय म्हणाले, कोणत्या दिवशी म्हणाले, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता? मी म्हटलं, तेव्हा. त्यांनी विचारलं, मग आता कशावरून विश्वास ठेवू? मी म्हटलं, तेव्हा खोटं बोलून माझ्या भावाचं काम वाचत होतं. आता खरं बोलून माझंच नाव जातंय. ह्यात माझा काय फायदा ते तुम्हीच शोधा.

डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, कारण मी त्यांच्या दवाखान्याचं नाव घेऊन खोटं बोलले होते. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस खिडकीवर बसू नकोस, मागं फायली लाव. मी फायली लावतेय.

ह्या महिन्यात पैसे पाठवू नकोस. मला घेववणार नाहीत.

ताई

—

२९ मे

ताई,

निकाल लागला. त्याला निकाल म्हणायचं तर.

साहेबांनी तुझे दोन्ही आवाज वरच्या लोकांना ऐकवले. बॅगवालीनं पान कोणी उघडलं ते लिहून दिलं, आणि तिच्या कंपनीनं आपली खोट होती असंही लिहून दिलं. ते लिहिताना तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं स्वतःहून माझं नाव घालून माझी चूक नव्हती असं लिहिलं. वरच्या लोकांनी दोन दिवस बैठक घातली. शेवटी काकांकडून राजीनामा लिहून घेतला. पोलीस नाही, काही नाही. इतकी वर्षं काम केलं म्हणून सगळे हक्काचे पैसे देऊन पाठवलं. बाहेर सांगितलं, तब्येत बरी नव्हती.

मला बोलावून साहेब म्हणाले, "तुझं नाव साफ आहे, उद्यापासून खोलीत बस." मी म्हटलं, आवारात सगळ्यांसमोर सांगाल का? म्हणाले, "कशाला विषय वाढवायचा." ड्रायव्हर अजून काच खाली करून हाक मारतात. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

काका गेले त्या दिवशी मी गेटवर गेलो होतो. भांडायला नाही. जाकीट द्यायला. घडी घालून नेलं होतं. मला वाटलं, नको म्हणतील, ठेव तुला म्हणतील. तर त्यांनी घेतलं, झटकलं आणि हातावर टाकलं. इतका राग मला चोरीचाही आला नव्हता. मी विचारलं, "मीच का?" म्हणाले, "त्या पानावर तुझाच तेवढा वाचता आला. बाकीच्यांचे नुसते आकडे आणि चिन्हं, ध्यानात राहीनात." मग म्हणाले, "तू तरुण आहेस, तुला दुसरीकडं कुठंही काम मिळालं असतं." हे म्हणताना त्यांचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता, आपल्या माणसाला समजावताना असतो तसा. केसानं गळा कापतात म्हणतात, तसं. कापताना त्यांनी माझे केस नीट बाजूला केले होते.

ज्या भाषेत ते बोलले ती आपली होती, ताई. इथं महिनोन् महिने ती ऐकायला मी त्यांच्या मागं मागं फिरायचो. आता इथं ती बोलायला कोणी नाही, आणि खरं सांगतो, बरं वाटतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला कळतं तू का केलंस. कळतं म्हणून राग गेला असं नाही. तुझ्यावर चोरीचा आळ आला असता तर मी काय केलं असतं, ह्याचा विचार करून बघितला. मी पण खोटं बोललो असतो. पण आधी तुला सांगितलं असतं. तू त्यांचं ऐकलंस आणि मला विचारलं नाहीस. मी मानी आहे, माझं डोकं तापतं, मी चौथी शिकलोय, सगळं खरं. तरी तो माझा शब्द होता. तो कोणाच्या नावावर घालायचा हे ठरवताना मला खोलीत तरी बसवायचं होतंस. बाबांनीही मला खोलीत बसवलं नव्हतं. बघ, शाळा मीच काढली.

आणि मी पण तुझ्यावर आधी संशय घेतला, त्यांच्यावर नाही. ते जाकीट अंगात घालून तुला ते पहिलं पत्र लिहिलं होतं मी. हे तू मला म्हणाली नाहीस. म्हणू शकली असतीस.

आईला सांग, मी रविवारी फोन करतो. तिला द्यायचा फोन, तू आधी उचलून बोलत बसायचं नाही. फायली लावणं संपलं का ते तिच्याकडून कळेल मला. तुझ्या डॉक्टरीणबाई बऱ्या वाटतात. मागच्या दाराची कडी मी येईन तेव्हा बघतो, तोवर आणखी खिळे मारू नकोस.

बॅगवालीनं सगळ्यांना नवा पासवर्ड करायला लावला. प्रत्येकाच्या समोर खोक्याचा पुठ्ठा आडवा धरला, म्हणजे शेजारच्यालाही दिसू नये. तिनं विचारलं, तुला मदत पाहिजे का? मी म्हटलं, नको. मला आख्खी जेवणाची सुट्टी लागली. अक्षरं शोधून शोधून दाबली, तीनदा चुकलो, पण झाला. पहिल्यांदाच मी स्वतः केलाय. तो तुला सांगणार नाही. विचारूही नकोस. आत्ता नको. पुढं कधी वाटलं तर बघू.

घरात, आई ऐकत नसेल तेव्हा, ते जुनं नाव म्हटलंस तर चालेल. पत्रात लिहू नकोस.

आधी कापलेले पैसे परत देणार नाहीत. साहेब म्हणतात, तेव्हाची कबुली तुझ्या घरातूनच आली होती. इथून पुढं कापणार नाहीत. तू घेववणार नाही म्हणालीस, तर तुला म्हणून घेऊ नकोस, आईला म्हणून घे. आपलं भांडण आपल्याकडं राहू दे. ह्या महिन्यात पूर्ण पाठवतोय. मिळाले की मिळाले एवढंच लिही.

नऊ हजार.